डोंगा बांधायचा कुठं? विदर्भातल्या तलाव-नदीवर नव्यानं नाव घेणाऱ्यांसाठी

नांगर म्हटलं की आपल्याकडं बैलजोडी आठवते. मी कामाच्या निमित्तानं दोन वर्षं रायगड जिल्ह्यात राहिलो तेव्हा तिथल्या कोळी लोकांच्या तोंडून "नांगर टाकला", "नांगर उचलला" असं रोज ऐकायचो, बोट पाण्यात एका जागी धरून ठेवणारा जो लोखंडी आकडा असतो त्यालाही नांगरच म्हणतात. संध्याकाळी खाडीवर जाऊन बसायचो. ओहोटी लागली की पाणी उतरत जायचं, होड्या हळूहळू एका अंगावर कलून चिखलात बसायच्या, आणि सहा तासांनी पाणी परत आलं की जशा होत्या तशा उठून तरंगायला लागायच्या. एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, मी विचारलं की ही चिखलाची जागा कोणाची, तुम्ही भाडं कोणाला देता. तो म्हणाला, होडी पाण्यात आली म्हणजे कुठंतरी थांबणारच ना, थांबायचे पैसे कसले.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं कारण आमच्या गावी, भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या पट्ट्यात, नेमका हाच प्रश्न दर दोन-चार वर्षांनी उभा राहतो. डोंगा, म्हणजे आमच्याकडची छोटी नाव, पाण्यात चालवायला कोणी नाही म्हणत नाही, पण बांधायची वेळ आली की कोणीतरी येऊन म्हणतं इथं नको. गेल्या काही वर्षांत बरीच तरणी पोरं आणि बचत गटाच्या बायासुद्धा फायबरची नाव घेऊन मच्छीच्या, शिंगाड्याच्या कामात उतरल्या आहेत आणि सगळ्यांचा पहिला फोन हाच असतो, भाऊ नाव तर आली, आता ठेवू कुठं अन् विचारू कोणाला. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ज्या पाण्यात तुमचा जायचा आणि मासे धरायचा हक्क आहे त्या पाण्यात नाव उभी करायचा हक्क त्याच्या पोटातच येतो, पण आपल्याकडं तो फार कमी ठिकाणी कागदावर असतो, म्हणून भांडण व्हायच्या आधी तो लिहून घ्या.

आपली भरती वर्षातून एकदाच येते

समुद्राच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. आपल्या तलावात ते मृगापासून पोळ्यापर्यंत चढतं आणि मग दिवाळीपासून थेट मे महिन्यापर्यंत उतरत जातं. खाडीतला जो पट्टा भरतीत पाण्याखाली आणि ओहोटीत उघडा असतो तसाच आपल्या तलावाला पण एक पट्टा असतो, ऑगस्टमध्ये तिथं पुरुषभर पाणी असतं आणि मार्चमध्ये तिथं कोणीतरी गाळपेर करून हरभरा नाहीतर टरबूज लावलेलं असतं. सगळी भांडणं या पट्ट्यात होतात हे आधी लक्षात घ्या. पावसाळ्यात जिथं डोंगा बांधला तीच जागा उन्हाळ्यात कोणाचं तरी वावर असतं, आणि डोंगा तर पाण्यामागं सरकत सरकत जाणार, मग जायची वाट त्या वावरातून. धरणाच्या बुडीत क्षेत्रातली गाळपेर जमीन पाटबंधारे खात्याकडून हंगामापुरती करायला मिळते, म्हणजे ज्याला मिळाली तो पण खोटा नसतो आणि तुम्ही पण खोटे नसता.

आमच्याकडं जुनी रीत होती की पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, एका टोकाकडून पाण्यापर्यंत बैलबंडी जाईल एवढा पट्टा कोणी पेरायचाच नाही, त्याला नाववाट म्हणायचे. आता ती रीत सांगणारे दोन-तीनच म्हातारे उरले आहेत. तुमच्या गावात अशी वाट असेल तर आजच जाऊन त्यांच्यासोबत चालून या आणि मोबाईलमध्ये व्हिडिओ काढा, ते चालता चालता जे बोलतील ते पण रेकॉर्ड करा. पुढं हा व्हिडिओ कामाला येतो, कसा ते खाली येईलच.

पहिलं काम: हे पाणी कोणाच्या नावावर आहे ते शोधा

हे न करता बरेच जण थेट सरपंचाकडं जातात आणि सहा महिने फिरत राहतात. तलाव आणि तलाव सारखे नसतात. पूर्व विदर्भात जे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ते गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी आणि नंतर मालगुजारांनी बांधले, आणि १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली तेव्हा यातले बहुतेक सरकारकडं आले. काही काही तलाव मात्र आजही कोणाच्या तरी खाजगी खात्यात निघतात. ज्यांची सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत आहे ते साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडं असतात, गावातली बोडी, म्हणजे छोटं तळं, ग्रामपंचायतीकडं असू शकते, इटियाडोह किंवा गोसीखुर्दसारखं मोठं धरण जलसंपदा विभागाचं, आणि जंगलातला तलाव असेल तर वनविभाग मध्ये येतो.

तेव्हा तलाठ्याकडून किंवा महाभूलेखवरून त्या गटाचा सातबारा काढा. भोगवटादाराच्या रकान्यात कोण आहे ते बघा, आणि त्याच्याहून जास्त लक्ष देऊन इतर हक्काचा रकाना वाचा, लोक तिथपर्यंत जातच नाहीत. मग भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या, त्यावर तलावाकडं जाणारी तुटक रेषेची पायवाट दाखवलेली असेल तर ती तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे.

विदर्भात आणखी दोन कागद आहेत आणि त्यांची नावं नव्या पिढीनं पाठच करावी असं मला मनापासून वाटतं. एक निस्तार पत्रक आणि दुसरा वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आहे, गावातल्या बिनताब्याच्या जमिनीचा गावकऱ्यांनी कसा वापर करायचा ते त्यात असतं. कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे, त्यात जी जमीन किंवा पाणी सरकारच्या अथवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नाही तिथल्या गावच्या रूढी नोंदवतात, पाणी घ्यायचा हक्क, वहिवाटीचा हक्क, आणि चक्क मासेमारीचा हक्क सुद्धा. म्हणजे खाजगी तलाव असेल तर हा कागद आधी काढा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कलेचा अर्ज द्यायचा, गावाचं नाव, जुना पटवारी हलका नंबर माहीत असेल तर तो, आणि बंदोबस्ताचं, म्हणजे जमिनीचा सारा ठरवायच्या जुन्या मोजणीचं, साल. जुनी नोंद मोडीत किंवा हिंदीत निघू शकते, आपण मध्य प्रांतात होतो ना, त्यामुळं वाचणारा माणूस सोबत ठेवा. आमच्या गावच्या नकलेत "मछली मारने का दस्तूर" अशी एक ओळ निघाली होती, शाई उडालेली, पण वाचता येत होती, ती ओळ वाचताना सोबतच्या आबाजींनी त्या कागदावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

थांबणं आणि कायम खुंटा ठोकणं यातला फरक

इथं जरा दम धरून वाचा. नावेच्या बाबतीत चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पाण्यातून जाणं, मासे धरणं, कामापुरतं थांबणं आणि एका जागी कायमचं ठिय्या देणं. भांडणात दोन्ही बाजू या चारही गोष्टी एकत्र कालवतात म्हणून कोणाचं कोणाला कळत नाही.

भरती-ओहोटीच्या पाण्याचा कायदा यात सगळ्यात जुना आणि सगळ्यात साफ आहे. इंग्लंडमध्ये व्हिटस्टेबल नावाच्या किनाऱ्यावर कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्यांच्या मंडळाची समुद्रतळावर मालकी होती आणि ते तिथं नांगर टाकणाऱ्या जहाजांकडून पैसे मागत होते. १८६५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, सांगितलं की भरतीच्या पाण्यात नाव चालवायचा हक्क सगळ्या जनतेचा आहे, नांगर टाकणं हा त्याच नौकानयनाचा भाग आहे, तळाची मालकी कोणाकडं आहे एवढ्यावरून त्याचे पैसे मागता येत नाहीत. त्या तांडेलानं मला जे सांगितलं तेच. पण त्याच इंग्लंडच्या कोर्टानं नंतर हेही धरलं की दुसऱ्याच्या तळावर कायमचा साखळदंड आणि खुंट पक्का करून ठेवणं हे त्या हक्कात येत नाही, त्याला परवानगी पाहिजे. मला हा फरक रास्त वाटतो. जो येतो-जातो त्याला अडवू नये आणि जो जागा धरून बसतो त्यानं विचारावं.

आता कोणी म्हणेल की तो समुद्र, हा आपला तलाव, त्याचा यात काय संबंध. संबंध आहे. आपल्या महसूल संहितेचं कलम २० काढून बघा. त्यात भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ, आणि नद्या, नाले, तलाव यांचा तळ, वाहतं पाणी, साचलेलं पाणी, हे सगळं एकाच दमात सांगितलेलं आहे, की हे सरकारचं, पण त्यात कोणाचे हक्क शाबीत होत असतील तर ते सोडून. ते शेवटचे शब्द आपले आहेत. असा हक्क सांगायचा असेल तर चौकशी जिल्हाधिकारी करतात अशी सोय पण त्याच कलमात आहे. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली बियास नदीच्या प्रकरणात, जे कमल नाथ खटला म्हणून ओळखलं जातं, असं म्हटलं की नदी, किनारा, जंगल या गोष्टी सरकारकडं विश्वस्त म्हणून आहेत, जनतेच्या उपयोगासाठी. कोणी साहेब म्हणाले की तलाव सरकारी आहे म्हणून डोंगा काढा, तर त्यांना अदबीनं सांगा की सरकारी आहे म्हणूनच तर विचारायला आलो जी.

मात्र फरक पण प्रामाणिकपणे सांगतो. भरतीच्या पाण्यातला तो सरसकट जनतेचा हक्क गावच्या तलावाला जशाच्या तसा लागत नाही. बंदिस्त पाण्यात तुमचा हक्क रूढीवर, ठेक्यावर, संस्थेच्या सभासदत्वावर किंवा वनहक्कावर उभा राहतो. म्हणून कागद.

दुसरं काम: ग्रामसभेचा ठराव, आणि तो नीट लिहिलेला

आमच्या तलावावर एका वर्षी ठेका बदलला. नव्या ठेकेदाराची माणसं आली आणि एका सकाळी बघतो तर पाळीच्या खालच्या मोहाच्या झाडाला तीन डोंगे साखळीनं बांधून कुलूप लावलेलं. त्यातला एक डोंगा अशा घरचा होता जिथं दुसरी कमाईच नव्हती. म्हातारी कुलपाजवळ बसून होती, शिव्या नाही की रडणं नाही, नुसती बसून. आम्ही ग्रामपंचायतीत धावलो, तर ठेक्याच्या करारात नावा कुठं ठेवायच्या याबद्दल एक शब्द नव्हता, ना आमच्या बाजूनं ना त्यांच्या. शेवटी जुन्या प्रोसिडिंग बुकात एक ठराव सापडला, त्यात पाळीच्या पूर्व टोकाला डोंगे लावण्याची वहिवाट चालू ठेवावी असं लिहिलेलं होतं, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांसकट. त्या एका पानावर कुलूप निघालं. आठ दिवस गेले होते मात्र, आणि ते आठ दिवस ऐन मच्छीचे होते.

तर ठराव असा घ्या. गणपूर्ती आधी बघा, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढे लोक हजर पाहिजेत, नाहीतर उद्या कोणी तो ठरावच उडवून लावेल. महिलांची सभा आधी होते तिथं पण विषय मांडा, कारण शिंगाडा आणि छोटी मच्छी काढायला नाव बायाच जास्त वापरतात आणि त्या अशी जागा सांगतात जी पुरुषांना सुचत नाही, जसं की अंधारात उतरायला बरी, घाटाजवळची, लाईट असलेली. ठरावात "नावा ठेवण्यास परवानगी" असं लिहू नका, परवानगी दिली म्हणजे उद्या काढून घेता येते. "पूर्वापार वहिवाट आहे व ती ग्रामसभा मान्य करते" असं लिहा. गट नंबर टाका. पावसाळ्यातली जागा आणि उन्हाळ्यातली जागा दोन्ही लिहा, आणि पाणी उतरेल तशी नाव पाण्यामागं नेण्याची वाट पण लिहा, किती फूट रुंद ते. जाळी वाळवायची, डोंग्याला डांबर लावायची जागा असेल तर ती पण. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या आणि संस्थेच्या फाईलीला एक, तहसीलला एक, तलाव ज्या खात्याचा त्यांना एक, अशी पोच घेऊन द्या.

गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग, मेळघाट, चंद्रपूर आणि यवतमाळचा काही भाग, तर पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा १९९६, लागू होतो आणि त्यात लहान पाणवठ्यांचं नियोजन-व्यवस्थापन पंचायतीकडं सोपवलेलं आहे. तिथं ग्रामसभेचा शब्द आणखी वजनाचा.

जंगलाला लागून असाल तर वनहक्क

हा मुद्दा मी आवर्जून थांबून सांगतो कारण वनहक्क म्हटलं की लोकांना फक्त शेताचा पट्टा आठवतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि पाणवठ्यातली इतर उपज हा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव सामूहिक वनहक्क मिळवण्यात देशात पहिल्यांमध्ये आलं, २००९ साली, त्यामुळं गावाला बांबू विकायचा हक्क मिळाल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच कायद्यात तुमचा तलाव पण बसतो, जर तो वनजमिनीत असेल. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातली जमीन सुद्धा या कायद्यात वनजमीनच धरली आहे.

दावा सामूहिक हक्काच्या फॉर्ममध्ये, म्हणजे फॉर्म बी मध्ये, ग्रामसभेनं नेमलेल्या वनहक्क समितीकडं जातो, समिती जागेवर जाऊन पाहणी करते, मग ग्रामसभा ठराव करते, तिथून उपविभागीय समिती आणि मग जिल्हास्तरीय समिती. पुरावे किमान दोन लागतात आणि त्यात जाणत्या म्हाताऱ्याचं लेखी सांगणं पण पुरावा म्हणून चालतं, जुनं गॅझेटियर, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज चालतं, जागेवरच्या खुणा चालतात. तो जो व्हिडिओ काढायला सांगितला होता त्यावरूनच हे लेखी सांगणं उतरवून काढायचं. ढिवर, भोई, केवट समाजाची बरीच घरं अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करावा लागतो आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथला रहिवास दाखवावा लागतो. हे जड जातं. पण गाव मिळून दावा केला तर एकमेकांच्या कागदांचा आधार होतो, म्हणून एकेकट्यानं धावू नका. फॉर्ममध्ये "मासेमारी" एवढंच लिहून मोकळे होऊ नका, "मासेमारीसाठी नाव/डोंगा वापरणे, काठाला उभी करणे व त्यासाठीची ये-जा" असं सगळं लिहा. दावा मंजूर व्हायच्या आधी मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत नाव घालू नका, तिथं वन्यजीव कायदा १९७२ लागतो आणि नाव जप्त झाली की सुटायला वर्षं जातात.

ठेका, संस्था आणि इंजिन

तलावातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यानं चालते. तुम्ही सभासद नसाल तर आधी सभासद व्हा, नाव नंतर घ्या. ठेक्याचा करार वाचायला मागा, संस्थेच्या सभासदाला तो बघायचा हक्क आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी सचिवांच्या मागं लागून त्यात नावेच्या जागेचं एक वाक्य टाकून घ्या. ठेका मासे धरण्याचा असतो, पाण्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अडवण्याचा नसतो, पण करारात लिहिलेलं नसलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. पर्यटनाचं बोटिंग सुरू होणार असेल तर तेव्हाच हरकत नोंदवा, जेट्टी बांधून झाल्यावर कोणी ऐकत नाही.

नदीवर, वैनगंगा असो की वर्धा की प्राणहिता, ठेक्याचा त्रास कमी पण रेतीघाटाचा जास्त. घाट लिलावात गेला की ट्रॅक्टरची वाट तुमच्या डोंग्यावरून जाते. लिलावाआधी ग्रामसभेत विषय येतो, त्या दिवशी शेतात जाऊ नका, सभेत जा.

डोंगा वल्ह्याचा असेल तर फार कागद नाहीत. इंजिन बसवलं की २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी, तपासणीच्या गोष्टी लागतात, आणि त्याच कायद्यात बिनइंजिनाच्या नावांची नोंद गावपातळीवर करून घ्यायची तरतूद पण आहे. ग्रामपंचायतीत अशी नोंद करून मिळत असेल तर नक्की करा, नावेवर नंबर टाका, आणि फोटो काढून ठेवा. पैसे घेऊन माणसं पल्याड नेणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, त्याला परवाना लागतो, लग्नाच्या वऱ्हाडाची दहा माणसं शंभर-शंभर रुपयांत नेतो म्हणून घालू नका, जीव जातात.

आता प्रत्यक्ष बांधायचं कसं

हक्क मिळाला आणि नाव रात्रीतून बुडाली असं मी स्वतः बघितलं आहे. आमच्या आबाजींनी मला पहिल्या पावसाळ्यात सांगितलं होतं, "दोर ताणून नोको बांधू बापू, पाणी रात्रीतून चढते न मंग डोंगा तोंडानंच बुडते." ताणलेल्या दोरीनं नाक खाली धरलं जातं, पाणी वर येतं आणि नाव भरते. म्हणून पावसाळ्यात दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट ठेवा. उन्हाळ्यात उलटं, दोर लांब ठेवला आणि पाणी सरकलं की नाव कोरड्यात अडकते, उन्हानं फळ्यांच्या सांधी उघडतात, मग परत पाण्यात ढकलली की झिरपते. मार्च-एप्रिलमध्ये आठवड्याला एकदा तरी नाव सरकवा.

खुंटा पाळीवर ठोकू नका. हे मी हात जोडून सांगतो. मातीच्या पाळीत खुंटा ठोकला की भोक पडतं, त्यातून पाणी झिरपायला लागतं आणि पाळ फुटली तर अख्ख्या गावाचं धान जातं. सांडव्याच्या आणि गेटच्या जवळ पण नाही, ओढीनं नाव तिकडं खेचली जाते. बेशरमच्या झुडपांना बांधू नका, ती मुळासकट उपटते. काठावरचं जुनं झाड बरं, तेही गोल दोर टाकून, खिळा मारून नाही. मधल्या पाण्यात थांबायचं असेल तर युरियाच्या पोत्यात रेती भरून, तोंड तारेनं बांधून, त्याचा नांगर करा, छोट्या डोंग्याला वीस-पंचवीस किलो पुरतं. दगड नुसता बांधला तर गाळात सरकतो किंवा दोरीतून निसटतो.

धरणाच्या खालच्या नदीवर असाल तर आणखी एक. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत, ते उघडले की पवनी, ब्रह्मपुरी, वडसाकडचं पाणी बघता बघता वाढतं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला जो पूर आला त्यात काठाला बांधलेल्या नावा झाडांसकट गेल्या, आणि ज्यांनी आदल्या संध्याकाळी डोंगे ओढून गावठाणात आणून ठेवले होते त्यांच्याच डोंग्यांनी दुसऱ्या दिवशी माणसं काढली. दवंडी किंवा तहसीलचा मेसेज आला की जाळं सोडा, नाव आधी वर घ्या.

अडवलं तर काय

पहिल्या दिवशी फोटो, तारीख, कोण बोललं ते वहीत. हातघाईवर येऊ नका, साखळी तोडू नका, कुलूप तोडलं की तक्रार तुमच्यावरच होते. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ मध्ये कलम ५ आहे, शेतरस्त्याच्या केसेस याच कायद्याखाली तहसीलदारांपुढं चालतात, पण त्या कलमात मासेमारीची जागा असाही शब्द आहे हे फारसं कोणाला माहीत नाही. ताबा काढून घेतला असेल किंवा अडथळा केला असेल तर त्याखाली अर्ज करता येतो, मात्र घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने म्हणजे एक हंगाम, बघू-बघू म्हणता निघून जातो. सोबत माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका की कोणत्या आदेशानं नावा काढायला सांगितलं, त्याची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. तोंडी आदेश असेल तर प्रत नसते, आणि प्रत नाही हे लेखी मिळालं की तेच तुमच्या बाजूचं कागद होतं.

आणि दर वर्षी मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन नाववाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारून घ्या, एक पोतं चुना पुरतो. आमच्याकडं यंदा ती रेघ मारायला ती कुलपाजवळ बसलेली म्हातारी पण आली होती, नातवाच्या हातात टोपलं देऊन ती पुढं पुढं चालत होती आणि वाट कुठून वळते ते काठीनं दाखवत होती.